मऊ ब्रेक पेडल (जुन्या डिझेल मोटारी)

मऊ ब्रेक पेडल (गॅरेजच्या भाषेत 'स्पंजी पेडल') हा मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेक यंत्रणेतील एक दोष आहे. या दोषात पेडल दाबताना पायाला ठाम आधार लागत नाही. स्पंज दाबावा तसे ते दबत जाते आणि ब्रेक अपेक्षेपेक्षा उशिरा लागतो. दोष सतत जाणवत असल्यास त्याचे कारण बहुधा लवकर सापडते. तो अधूनमधून जाणवत असल्यास मात्र गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पेडल पूर्ववत झालेले असते आणि गाडीत काहीच बिघाड नाही असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. त्यामुळे अशा दोषाच्या निदानात सुट्या भागांच्या तपासणीइतकेच महत्त्व तो कोणत्या परिस्थितीत दिसला आणि कशाने नाहीसा झाला या नोंदीला असते.

जुन्या डिझेल मोटारींत ब्रेकला साहाय्य करणारा स्वतंत्र व्हॅक्यूम पंप असतो. या पंपाचे बिघाड आणि हायड्रॉलिक यंत्रणेचे बिघाड यांची गल्लत होण्याची शक्यता असल्याने दोन्हींची लक्षणे वेगळी ओळखणे ही निदानाची पहिली पायरी होय.

## यंत्रणेची रचना

हायड्रॉलिक ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. चालकाने पेडल दाबल्यावर तरफेमुळे वाढलेले बल बूस्टरमार्फत मास्टर सिलिंडरच्या पिस्टनावर येते. तेथे निर्माण झालेला दाब धातूच्या बारीक नळ्या व चाकांजवळच्या लवचीक रबरी नळ्या यांतून चाकांपर्यंत जातो. पुढच्या चाकांना सहसा डिस्क ब्रेक असतात. त्यांत कॅलिपरमधील पिस्टन पॅडना फिरत्या डिस्कवर दाबतो. अनेक जुन्या मोटारींत मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात; त्यांत व्हील सिलिंडर ब्रेक शू बाहेर ढकलतो आणि त्यांचे लायनर ड्रमला घासते.

मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन पिस्टन व दोन स्वतंत्र शाखा असतात. एक शाखा निकामी झाली तरी दुसरी चालू राहावी हा त्यामागील हेतू आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत या शाखा बहुधा तिरप्या जोडलेल्या असतात, म्हणजे पुढचे डावे व मागचे उजवे चाक एका शाखेत येते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत पुढची दोन व मागची दोन चाके अशी विभागणी सामान्यतः आढळते.

## डिझेल मोटारीचे वेगळेपण

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये आपोआप निर्वात तयार होतो आणि तोच बूस्टरला पुरवला जातो. पारंपरिक डिझेल इंजिनात हवेचा प्रवाह थ्रॉटलने नियंत्रित होत नाही, त्यामुळे असा वापरण्याजोगा निर्वात मिळत नाही. म्हणून डिझेल मोटारीला व्हॅक्यूम पंप लागतो. टाटा सुमो व टाटा इंडिका यांच्या जुन्या डिझेल आवृत्त्यांत हा पंप अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. काही इंजिनांत तो कॅमशाफ्टच्या टोकाला असतो; स्कोडा ऑक्टाव्हियाचे १.९ लिटर टीडीआय इंजिन हे त्याचे उदाहरण होय.

या रचनेचे निदानाच्या दृष्टीने तीन परिणाम होतात.

* अल्टरनेटरवरील पंप पट्ट्यावर चालतो. पट्टा घसरला किंवा तुटला तर बॅटरीचे चार्जिंग आणि ब्रेकचे साहाय्य दोन्ही एकदम जातात. बॅटरीचा लाल दिवा लागणे आणि पेडल कडक होणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास प्रथम पट्टा पाहावा.
* पंपाला वंगण म्हणून इंजिन ऑइल लागते आणि पंपातील हवा क्रँककेसमध्ये सोडली जाते. मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये झिरपू लागल्यास ते पंपामार्फत इंजिन ऑइलमध्ये मिसळू शकते. अशा वेळी टाकीतील पातळी घटत असूनही चाकांपाशी गळतीचा डाग दिसत नाही.
* इंजिन बंद झाल्यावर पंपही थांबतो. बूस्टरमध्ये उरलेला निर्वात मोजक्याच दोन-तीन दाबांना पुरतो.

## पेडल मऊ होण्याचे भौतिक कारण

ब्रेक ऑइल जवळजवळ असंपीड्य असते. १०० बार दाबाखाली त्याचे आकारमान एक टक्क्याहूनही कमी घटते. तितक्याच दाबाखाली हवा मात्र मूळ आकारमानाच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी उरते. उदाहरणादाखल, मास्टर सिलिंडरचा व्यास २२ मिलिमीटर धरल्यास पिस्टनाचे क्षेत्रफळ सुमारे ३.८ चौरस सेंटिमीटर येते. यंत्रणेत १ मिलिलिटर हवा अडकली असेल, तर ती दाबून टाकण्यासाठी पिस्टनाला सुमारे २.६ मिलिमीटर जादा सरकावे लागते. पेडलचे तरफ-गुणोत्तर ४ असल्यास पायाखाली हे अंतर १० मिलिमीटरहून थोडे अधिक भरते. म्हणजे चमचाभराहून कमी हवाही पेडलची जाणीव बदलण्यास पुरेशी असते.

हवेऐवजी वाफ असली तरी परिणाम तोच होतो, परंतु वाफ थंड झाल्यावर पुन्हा द्रवात बदलते आणि पुरावा मागे राहत नाही. फुगणारी रबरी नळी, वाकणारा कॅलिपर किंवा तिरपे झिजलेले पॅड यांमुळेही मास्टर सिलिंडरने ढकललेल्या द्रवाचा काही भाग ब्रेक दाबण्याऐवजी दुसरीकडे खर्च होतो.

## लक्षणांतील भेद

चालक बहुतेक सर्व तक्रारी 'ब्रेक नीट लागत नाही' अशा एकाच वाक्यात सांगतात. प्रत्यक्षात त्यांत पुढील भिन्न अवस्था असू शकतात.

| पेडलची अवस्था | जाणीव | संभाव्य कारण |
|---|---|---|
| मऊ | दबत जाते, स्प्रिंगसारखे परत रेटते | हवा, वाफ, फुगणारी नळी, वाकणारे भाग |
| खोल | बरेच खाली गेल्यावर ठाम लागते. दुसऱ्यांदा दाबल्यास वर येते | मागच्या शूंचे जास्त अंतर, पॅड मागे ढकलले जाणे |
| बुडणारे | पाय स्थिर ठेवला तरी हळूहळू खाली जाते | मास्टर सिलिंडरचे सील, एबीएसची झडप, बाह्य गळती |
| कडक | ठाम पण जड. गाडी कमी थांबते | व्हॅक्यूम पंप, बूस्टर, एकदिशा झडप, व्हॅक्यूमची नळी |
| ठाम पण निष्प्रभ | पेडल चांगले, घर्षण कमी, जळका वास | तापलेले लायनर वा पॅड |

व्हॅक्यूम पंप कमकुवत झाल्यास पेडल कडक होते. मऊ होत नाही. त्यामुळे केवळ मऊ पेडलच्या तक्रारीवरून पंप किंवा बूस्टर बदलणे निराधार ठरते. शेवटच्या दोन अवस्थांत पेडल पायाला ठाम लागते, हा त्यांच्यातील व पहिल्या तीन अवस्थांतील मुख्य फरक आहे.

## दोष अधूनमधून दिसण्याची कारणे

### ब्रेक ऑइल उकळणे

बहुतेक मोटारींतील ब्रेक ऑइल ग्लायकॉल-आधारित असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. रबरी नळ्या व टाकीचे झाकण यांमधून हा ओलावा वर्षानुवर्षे आत जातो. पाणी मिसळल्याने उत्कलनबिंदू घसरतो. त्यामुळे मानकांत दोन किमान मूल्ये दिलेली असतात: नव्या ऑइलचा 'कोरडा' व सुमारे ३.७ टक्के पाणी असलेल्या ऑइलचा 'ओला' उत्कलनबिंदू.

| प्रकार | कोरडा (अंश सेल्सिअस) | ओला (अंश सेल्सिअस) |
|---|---|---|
| डॉट ३ | २०५ | १४० |
| डॉट ४ | २३० | १५५ |
| डॉट ५.१ | २६० | १८० |

लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने कॅलिपर तापतो, जुने ऑइल उकळते आणि पेडल अचानक तळाशी जाते. अर्ध्या तासाने गाडी निवल्यावर ते पुन्हा ठाम होते. एखादा पॅड किंवा हँडब्रेकची केबल अडकून एकच चाक सतत घासत असेल, तर सपाट रस्त्यावरही हा प्रकार घडू शकतो.

### मास्टर सिलिंडरमधील अंतर्गत गळती

पिस्टनावरील रबरी सीलला 'कप' म्हणतात. त्याची कड दाबामुळेच सिलिंडरच्या भिंतीला घट्ट बसते. झिजलेला कप जोरात दाबल्यावर दाब धरतो, परंतु सिग्नलपाशी पेडल हलकेच दाबून ठेवल्यास ऑइल त्याच्या कडेने मागे सरकते व पेडल बुडते. ऑइल सिलिंडरमध्येच राहत असल्याने बाहेर गळती दिसत नाही आणि टाकीतील पातळीही घटत नाही. गर्दीत हळू चालताना दोष दिसणे आणि आणीबाणीच्या ब्रेकला न दिसणे हे या बिघाडाचे सूचक लक्षण आहे.

### पॅड मागे ढकलले जाणे

चाकाचे बेअरिंग ढिले असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल, तर वळणावर वा खड्ड्यांतून जाताना डिस्क पॅडना आणि त्यांच्यासह कॅलिपरच्या पिस्टनाला मागे ढकलते. त्यानंतरचा पहिला दाब ही पोकळी भरण्यातच जातो. दुसरा दाब नेहमीसारखा लागतो. अशा गाडीत कितीही वेळा हवा काढली तरी उपयोग होत नाही.

### मागच्या ड्रम ब्रेकमधील अंतर

शू झिजतात तसे अंतर आपोआप भरून काढणारी यंत्रणा धूळ व गंज यांमुळे अडकते. पेडल खोल जाते, पण दोन-तीनदा मारल्यास वर येते. हँडब्रेक ओढून पेडल दाबल्यावर ते वरच ठाम लागत असेल, तर कारण मागच्या चाकांत असण्याची शक्यता बळावते.

### रबरी नळ्या

जुन्या नळीचे आतील थर सुटल्यास ती दाबाखाली फुगते. तापल्यावर रबर अधिक मऊ होत असल्याने थंड गाडीत हे लक्षण सौम्य वाटते. नळीचा आतला थर सुटून झडपेसारखा अडकल्यास पेडल सोडल्यावरही एका चाकाचा ब्रेक लागलेलाच राहतो.

### हवा आत शिरणे

व्हील सिलिंडरचे कप कडक झाल्यास पेडल सोडताना हवा आत ओढली जाऊ शकते. टाकीतील पातळी कमी असल्यास चढ-उतारावर किंवा तीव्र वळणावर मास्टर सिलिंडरचे छिद्र क्षणभर उघडे पडते. ऑक्टाव्हियासारख्या काही मोटारींत हायड्रॉलिक क्लचही याच टाकीतून ऑइल घेतो. त्यामुळे ब्रेकची गळती सापडत नसताना पातळी घटत असेल, तर क्लचचा सिलिंडर तपासावा लागतो.

### एबीएसचा मॉड्युलेटर

मॉड्युलेटरमधील झडपेत कचरा अडकून ती पूर्ण बंद झाली नाही, तर ऑइल त्यातील संचयकात जाते आणि पेडल खाली बसते. कचरा सरकला की दोष नाहीसा होतो. मॉड्युलेटरमध्ये अडकलेली हवाही एबीएस कार्यरत झाल्यावर बाहेर येऊन पेडल मऊ करू शकते. मॉड्युलेटर महाग असल्याने इतर सर्व कारणे वगळल्यानंतरच त्याच्याकडे वळणे इष्ट ठरते.

### चुकीचे द्रव

टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे खनिज तेल पडल्यास ब्रेकमधील रबरी सील फुगतात व मऊ होतात. टाकीतील थोडा नमुना पाण्यात टाकून पाहता येतो: ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, खनिज तेल तरंगते. तेल तरंगल्यास फक्त ऑइल बदलून भागत नाही. यंत्रणेतील सर्व रबरी भाग बदलावे लागतात.

## निदानाची पद्धत

### नोंद

निदानाची सुरुवात चालकाच्या माहितीपासून होते. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून घेतल्यास कारणांची यादी बरीच लहान होते.

1. दोष थंड गाडीत दिसतो की बराच वेळ ब्रेक वापरल्यावर?
2. तो वळण, खड्डा किंवा गतिरोधक यांच्या लगेच नंतर दिसतो का?
3. दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल वर येते का, आणि किती दाबांनंतर?
4. हलका दाब आणि जोराचा दाब यांत फरक पडतो का?
5. टाकीतील पातळी घटली आहे का? बॅटरी, ब्रेक किंवा एबीएसचा दिवा लागला होता का?
6. त्याआधी पॅड, शू, क्लच किंवा ब्रेक ऑइल यांचे कोणते काम झाले होते?

### बूस्टर वेगळा काढणे

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबल्यास उरलेला निर्वात संपतो. या स्थितीतही पेडल मऊ लागत असेल, तर दोष हायड्रॉलिक किंवा यांत्रिक भागात आहे. त्यानंतर पेडल दाबून ठेवून इंजिन चालू केल्यास ते किंचित खाली जायला हवे. हे खाली जाणे बूस्टर चालू असल्याची खूण आहे. त्याला दोष मानू नये. पेडल अजिबात खाली गेले नाही, तर पंप, एकदिशा झडप, व्हॅक्यूमची नळी व बूस्टर क्रमाने पाहावेत.

### दाब धरण्याची चाचणी

इंजिन चालू ठेवून पेडल आधी हलक्या व नंतर जोराच्या स्थिर दाबाने प्रत्येकी सुमारे एक मिनिट धरावे. फक्त हलक्या दाबाला पेडल बुडत असल्यास मास्टर सिलिंडरच्या कपाचा संशय येतो. दोन्ही वेळा बुडत असल्यास बाह्य गळती, मास्टर सिलिंडर आणि मॉड्युलेटर तपासावे लागतात.

### शाखा वेगळ्या करणे

मास्टर सिलिंडरची निर्गमद्वारे योग्य आट्यांच्या बुचांनी बंद करून आतली हवा काढल्यावर पेडल जवळजवळ न हलता ठाम लागायला हवे. तसे झाले तर मास्टर सिलिंडर निर्दोष ठरतो आणि दोष पुढे आहे हे कळते. मग एकेक शाखा जोडत जावे. जी जोडल्यावर पेडल मऊ होते, तिच्यातच दोष असतो. रबरी नळ्या एकेक करून चिमटून हीच चाचणी घेता येते. त्यासाठी गोल कडांचा खास चिमटा वापरावा. साध्या पकडीने नळीचे आतले थर तुटतात.

### चाकांची तपासणी

चाक वर उचलून बेअरिंगचा खेळ, डिस्कचे वाकडेपण, कॅलिपरच्या सरकत्या पिनांची हालचाल आणि पॅडची झीज पाहावी. चाचणी फेरीनंतर चारही चाकांचे तापमान इन्फ्रारेड तापमापकाने मोजल्यास अडकलेला ब्रेक लगेच लक्षात येतो. ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल आहे का, हेही पाहावे.

### दोष घडवून आणणे

अधूनमधूनचा दोष गॅरेजमध्ये दिसला नाही, तर नोंदीतील परिस्थिती पुन्हा निर्माण करावी लागते. उष्णतेचा संशय असल्यास मोकळ्या व सुरक्षित जागी वारंवार ब्रेक लावून, पॅड मागे ढकलले जाण्याचा संशय असल्यास खडबडीत रस्ता व वळणे यांवरून गाडी नेऊन तपासणी होते. उतारावर किंवा वाहत्या रहदारीत असा प्रयोग करू नये.

## छत्रपती संभाजीनगर परिसरातील परिस्थिती

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे वाहनउद्योगाचे केंद्र आहे. वाळूज येथे १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे, तर दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचे मुख्यालयही वाळूजलाच आहे. शेंद्रा येथील स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. त्या काळातील डिझेल मोटारी आता वीस वर्षांच्या आसपास पोहोचल्या असून त्यांतील मूळ रबरी नळ्या व सील बदललेले नसल्यास ते आपल्या अपेक्षित आयुष्यापलीकडे गेलेले असतात.

या परिसरातील रस्त्यांची रचना अधूनमधूनच्या दोषाला पोषक आहे. शहर आणि शेंद्रा-जालना रस्ता मोठ्या प्रमाणात सपाट आहे. याउलट चाळीसगावकडे जाताना दौलताबादनंतर खुलताबादचा चढ, मग वेरूळकडे उतार आणि कन्नडच्या पुढे खानदेशात उतरणारा औट्रम घाट लागतो. त्यामुळे शहरात महिनोन्महिने ठाम राहिलेले पेडल घाटात प्रथमच तळाशी जाऊ शकते. १,४०० किलोग्रॅम वजनाची मोटार ३०० मीटर खाली उतरताना सुमारे ४१ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. तिचा जो भाग इंजिन, हवेचा अवरोध व टायर शोषत नाहीत तो ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने साठतो. म्हणून शहरातील दोन किलोमीटरची चाचणी फेरी घाटातील दोषाच्या अभावाचा पुरावा ठरत नाही.

हवामानाचाही यात वाटा आहे. पावसाळ्यात हवेतील ओलावा वाढतो आणि मे महिन्यात तापमान अनेकदा ४० अंशांपुढे जाते. शहराची उंची सुमारे ५६८ मीटर असल्याने हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पाऱ्याच्या सुमारे ५० मिलिमीटरने कमी असतो. निर्वातमापकाचे वाचनही येथे जवळपास तितकेच कमी येते. मुंबईत मिळणारे वाचन येथे मिळाले नाही, एवढ्यावरून पंप खराब ठरवू नये.

## निदानातील नेहमीच्या चुका

फक्त हवा काढून गाडी परत देणे. हवा काढताना ताजे ऑइल आत जात असल्याने पेडल काही काळ सुधारते. हवा कोठून शिरली हे न शोधल्यास दोष काही आठवड्यांनी परततो. मूळ कारण उष्णता किंवा ढिले बेअरिंग असेल, तर ही सुधारणा केवळ वाटण्यापुरती असते.

पेडल तळापर्यंत मारून हवा काढणे. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे कप नळीच्या ठरावीक भागातच फिरतात. पलीकडच्या भागात गंज व गाळ साचलेला असतो. पेडल पूर्ण तळाशी नेल्यास कप त्या खडबडीत भागावर घासून फाटू शकतात. हवा काढल्यानंतर पेडल अधिकच बुडू लागण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवून दांडी मर्यादित करणे किंवा दाबाच्या यंत्राने हवा काढणे हा त्यावरील उपाय आहे.

पेडल दोनदा मारण्याची सवय लावून घेणे. अनेक चालक 'पंपिंग केले की ब्रेक लागतो' असे म्हणून गाडी चालवत राहतात. आणीबाणीत दुसऱ्या दाबासाठी वेळ मिळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते.

थंड झाल्यावर बरे झाले असे मानणे. उकळलेले ऑइल निवल्यावर पेडल ठाम होते, परंतु त्यातील पाणी तसेच राहते. पुढच्या उतारावर दोष पुन्हा उद्भवतो.

## दुरुस्ती व पडताळणी

निदानानंतर केवळ दोषी भाग बदलणे पुरेसे नसते. एका बाजूची नळी खराब असल्यास त्याच धुरीवरील दुसरी नळीही बदलण्याची प्रथा आहे, कारण दोन्हींचे वय सारखेच असते. झिजलेल्या मास्टर सिलिंडरला केवळ रबरी किट टाकण्याआधी आतील भिंत तपासावी. तिच्यावर खड्डे असल्यास नवे कपही टिकत नाहीत.

हवा काढण्याचा क्रम उत्पादकाने दिलेला पाळावा. मागच्या धुरीवर भारानुसार दाब बदलणारी झडप असल्यास आणि तिला स्वतंत्र निपल असल्यास तेथूनही हवा काढावी लागते. एबीएस असलेल्या काही मोटारींत मॉड्युलेटरमधील हवा काढण्यासाठी निदानयंत्राने त्याचा पंप चालवावा लागतो. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलेच वापरावे. बराच काळ उघडा राहिलेला डबा ओलावा शोषून घेतो. ऑइल बदलण्याचा कालावधी सामान्यतः दोन वर्षांचा असतो. सिलिकोन-आधारित डॉट ५ हे ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळू नये.

ज्या परिस्थितीत दोष दिसत होता, त्याच परिस्थितीत गाडी निर्दोष ठरली तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणता येते.

## सुरक्षितता

चालत्या गाडीत पेडल अचानक तळाशी गेल्यास ते वेगाने वारंवार दाबावे, खालचा गिअर टाकावा, हँडब्रेक एकदम न ओढता टप्प्याटप्प्याने लावावा आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी. इंजिन बंद करू नये. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा गिअर काढून उतार उतरण्याची सवय जुन्या डिझेल गाडीत विशेष धोकादायक असते. गिअर काढल्याने इंजिनाचा अवरोध नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकवर येतो, आणि इंजिन बंद केल्याने व्हॅक्यूम पंपही थांबतो. जुन्या डिझेल इंजिनाचा अवरोध थ्रॉटल असलेल्या पेट्रोल इंजिनाइतका तीव्र नसल्याने घाट उतरताना गिअर आधीच पुरेसा खाली आणणे आवश्यक ठरते.

मोटारींच्या ब्रेकसंबंधीच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ मध्ये आहेत. असुरक्षित स्थितीतील वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० नुसार गुन्हा आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. ही तपासणी ठरावीक दिवशी व ठरावीक जागी होत असल्याने अधूनमधून दिसणारा दोष तीत सुटू शकतो. तो ओळखण्याचे मुख्य साधन चालकाने ठेवलेली नोंद हेच राहते.